सहावा मुद्दा



परभणीतल्या या व्याख्यानमालेत मी हैदराबाद मुक्तिसंग्रामावर बोलावं, असं संयोजकांच्या मनात होतं. माझे शाळेतले गुरुजी त्या लढ्यात होते, तेव्हा त्यांच्या स्मृतिदिनी तो विषय शोभून दिसला असता. पण मी हट्टानं दुसरा विषय मागून घेतला. भारत आणि चीन यांच्यातली १९६२ ची लढाई. गुरुजींनी शिकवलेलं पुष्कळ काही मी विसरलो, मात्र त्या लढाईबद्दल त्यांनी फळ्यावर जे लिहिलं ते साठ वर्षांनंतरही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ते काय लिहिलं होतं ते शेवटी सांगेन. त्याआधी थोडी वाट चालावी लागेल.

मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. पाथरी तालुक्यातलं आमचं गाव. दिवाळी आठ दिवसांवर आलेली आणि कापसाची वेचणी ऐन भरात. वेचणीच्या दिवसांत शाळेत निम्मी पोरं नसायची. ओटीत कापूस भरत आईबरोबर पऱ्हाटीतून फिरायची. २० ऑक्टोबर १९६२, शनिवार. पहाटे चीननं पूर्वेला नामका चू नदीच्या काठी आणि पश्चिमेला लडाखमध्ये एकाच वेळी हल्ला केला. आमच्या गावात एकच रेडिओ होता. त्याच्याभोवती बसलेल्या माणसांना ती नावं उच्चारताही येत नव्हती. तवांग, से ला, बोमडीला, वालाँग. गुरुजी ती ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहायचे.

मग जवानांसाठी उबदार कपडे गोळा करायचं ठरलं. आमच्या गावात स्वेटर कुठून असणार? लोकरीचं म्हणून घराघरात एकच वस्तू, ती म्हणजे घोंगडी. एका धनगर आजोबांनी खांद्यावरची घोंगडी काढून गुरुजींच्या टेबलावर ठेवली आणि त्यांनी एवढंच विचारलं, “गुरुजी, तिथं लेकरांच्या अंगात हाय काय?” गुरुजींनी त्यांना उत्तर दिलं नाही. त्यांना तेव्हा ते ठाऊकही नव्हतं.

उत्तर आज आपल्याला ठाऊक आहे. कापूस होता. नामका चूच्या काठावर उभ्या केलेल्या सातव्या ब्रिगेडमधल्या काही पलटणी थेट मैदानी मुलखातून आणलेल्या होत्या. अंगावर उन्हाळी सुती गणवेश, जवळ माणशी पन्नासएक काडतुसं, आणि जागा दहा हजार फुटांहून उंच. आपण कापसाच्या मुलखातली माणसं आहोत. सुती कापड उन्हात किती सुखाचं आणि भिजल्यावर किती वैऱ्याचं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पावसाळ्यात भिजलेलं धोतर दोन दिवस वाळत नाही. तिथं तर रात्री अंगावरचा घामसुद्धा गोठत होता. मानवत-सेलूच्या जिनिंगमधून निघालेल्या गाठींचं सूत कोणत्या गिरणीत गेलं आणि त्याचं कापड कुणाच्या अंगावर चढलं, हे कुणी सांगू शकणार नाही. पण त्या लढाईशी आपला काही संबंध नव्हता असं मला कधीच वाटलं नाही.

आणखीही एक जुना धागा आहे. १९९९ पर्यंत हिंगोली आपल्याच जिल्ह्यात होती. या हिंगोलीत एके काळी हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. निजामाच्या खर्चानं आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणारी ती फौज १९०३ मध्ये इंग्रजांच्या हिंदी लष्करात विलीन झाली, पुढे तिची एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट झाली, आणि १९४५ मध्ये त्या रेजिमेंटचं नाव बदललं. नवं नाव कुमाऊँ रेजिमेंट. होय, तीच कुमाऊँ, जिच्या सहाव्या पलटणीनं नोव्हेंबर १९६२ मध्ये वालाँगला उलट चढाई केली आणि तेराव्या पलटणीची एक तुकडी रेझांग ला इथे संपली. सैनिकांची भरती कधीच डोंगराकडे आणि उत्तरेकडे सरकली होती, नावही गेलं, पण त्या रेजिमेंटच्या वंशावळीत आपल्या हिंगोलीची पानं आहेत.

आता लढाईच्या मुळाकडे येतो. हे मी लांबवणार नाही, कारण धुऱ्याचं भांडण काय असतं ते या सभागृहात प्रत्येकाला कळतं. पूर्वेकडची मॅकमहोन रेषा १९१४ मध्ये सिमल्याच्या वाटाघाटींत इंग्रज आणि तिबेटी प्रतिनिधींनी ठरवली. चीननं ती कधी मानली नाही. पश्चिमेकडे अक्साई चिनमध्ये इंग्रजांच्याच वेगवेगळ्या काळच्या रेषा वेगवेगळ्या जागी पडलेल्या होत्या. इंग्रज गेले, तिबेट चीननं घेतला, आणि मधलं बफर गेल्यावर दोन मोठे देश एकमेकांच्या बांधाला बांध लावून उभे राहिले. सरदार पटेलांनी ७ नोव्हेंबर १९५० रोजी नेहरूंना पत्र लिहून या बदलाचा धोका सांगितला होता. ज्यांच्या कारवाईनं आपण १९४८ मध्ये निजामाच्या राजवटीतून सुटलो, त्याच पटेलांचं हे पत्र. महिनाभरानं ते गेले.

१९५४ मध्ये चीनबरोबर पंचशील करार झाला. आणि १९५७ मध्ये चीननं शिंच्यांगहून तिबेटला जाणारा रस्ता अक्साई चिनमधून पुरा केला. आपल्याला तो कळला चीननंच तसं जाहीर केल्यावर. आपल्या शेतातून शेजाऱ्यानं गाडीवाट पाडावी आणि आपल्याला ती त्याच्याच दवंडीवरून कळावी, अशी ती गोष्ट. शेतकरी काय म्हणेल? धुऱ्यावर पाय ठेवायला जात नव्हतास, तर धुरा राहील कसा?

मार्च १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले. ऑगस्टमध्ये पूर्व सीमेवर लोंगजूला चिनी सैन्याशी चकमक झाली. २१ ऑक्टोबर १९५९ ला लडाखमधल्या कोंगका ला इथे आपले पोलीस मारले गेले. पोलीस स्मृतिदिन आपण त्याच तारखेला पाळतो. आता देशभर संताप होता. आणि याच महिन्यात एका मराठी सेनापतीनं एक कागद लिहिला. आज मला मुख्यतः त्याच कागदाविषयी बोलायचं आहे.

लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. जन्म १९०६, कोल्हापूरकडच्या वडगावचे. सँडहर्स्टला शिकलेले. दुसऱ्या महायुद्धात जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातल्या कांगाव इथे जी भयंकर लढाई झाली, तिथं एकाच ब्रिगेडमध्ये तीन हिंदी अधिकारी तीन पलटणींचे प्रमुख होते. थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात. थिमय्यांची पलटण आपल्या हैदराबाद रेजिमेंटची. तिघांनाही डी. एस. ओ. हा मोठा लष्करी सन्मान मिळाला. पुढे कोरियात युद्धकैद्यांचा अवघड प्रश्न सोडवायला गेलेल्या भारतीय दलाचं नेतृत्व थोरातांनी केलं. १९५७ पासून १९६१ पर्यंत ते पूर्व विभागाचे प्रमुख होते. मुख्यालय तेव्हा लखनौला होतं, आणि आजचा अरुणाचल, म्हणजे तेव्हाचा नेफा, त्यांच्या अखत्यारीत आला.

ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी लष्करी मुख्यालयाला आपलं टिपण पाठवलं. त्याचा गाभा सांगतो, कारण तो समजायला लष्करी शिक्षण लागत नाही. मॅकमहोन रेषेवर ठिकठिकाणी चौक्या असाव्यात, पण त्या पाहाऱ्यापुरत्या. शत्रू आला की कळवायचं, थोडं अडवायचं आणि मागं सरायचं. खरी लढाई मागच्या फळीवर, बोमडीलासारख्या ठिकाणी द्यायची. तिथंवर आपली रसद पोहोचते. शत्रू मात्र डोंगर चढून-उतरून दमलेला, त्याची रसद ताणलेली. त्यासाठी किती फौज लागेल, किती रस्ते लागतील, तेही त्यांनी मांडलं.

आपल्या काळ्या जमिनीत आषाढात गाडी हाकलेल्या माणसाला हे चटकन समजतं. वापसा नसताना रानात गाडी घातली की चाक आरीपर्यंत रुततं. मग बैल कितीही जातीचे असोत. हाकणारा शहाणा असेल तर गाडी पांदीच्या तोंडाशी थांबवतो आणि ओझं डोक्यावरून नेतो. थोरात नेमकं हेच सांगत होते, की गाडी कुठवर जाते ते आधी बघा आणि पाय तिथंच रोवा.

थिमय्या तेव्हा सरसेनापती होते. त्यांनी हे टिपण उचलून धरलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ते मानलं नाही. थोरात गप्प बसले नाहीत. मार्च १९६० मध्ये त्यांनी लखनौला एक लष्करी सराव घेतला आणि त्याला नाव दिलं ‘लाल किल्ला’. चीननं चढाई केली तर तो कुठून येईल, कशी मुसंडी मारेल, आपण काय गमावू, हे त्यात मांडून दाखवलं. अडीच वर्षांनी जे घडलं ते पुष्कळसं त्याच चालीनं घडलं.

८ मे १९६१ ला थिमय्या निवृत्त झाले. आपल्यामागं थोरात यावेत अशी त्यांची शिफारस होती. नेमणूक झाली थापर यांची. थोरातही त्याच सुमारास निवृत्त होऊन घरी गेले.

मित्रहो, इथं मी थोडा थांबतो. एखाद्या माणसाला बढती मिळाली नाही, याचं दुःख मला सांगायचं नाही. सैन्यात असं होतच असतं. थोरात गेले तरी त्यांचा कागद दप्तरात होता. तो कुणी काढून वाचला असता तर चाललं असतं. झालं उलटं. नोव्हेंबर १९६१ मध्ये ‘पुढे सरका’ हे धोरण आलं. जमेल तितकं पुढे जाऊन चौक्या रोवायच्या. चीन मोठी लढाई करणार नाही, असा भरवसा. जून १९६२ मध्ये थागला कड्याखाली ढोला चौकी बसली. ८ सप्टेंबरला चिनी सैन्यानं तिला घेरलं. मग दिल्लीहून हुकूम सुटला की त्यांना हुसकून लावा. ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी यांची सातवी ब्रिगेड नामका चूच्या काठी नेऊन ठेवली गेली. खाली नदी, वर कड्यावर चिनी, मागं पायवाट. रसद विमानातून टाकायची, ती निम्मी दऱ्यांत जायची. म्हणजे गाडी ऐन चिखलात घातली होती.

२० ऑक्टोबरच्या सकाळी काही तासांत ती ब्रिगेड मोडली. २२ तारखेला दळवी स्वतः कैद झाले. मे १९६३ मध्ये परत आले आणि पुढे त्यांनी ‘हिमालयन ब्लंडर’ हे पुस्तक लिहिलं. इंग्रजी येत असेल त्यानं ते वाचावंच. तवांग दिवाळीआधी गेलं. नोव्हेंबरच्या मध्यात दुसरी लाट आली आणि वालाँग, से ला, बोमडीला तीन-चार दिवसांत पडले. जिथं पाय रोवा असं थोरात म्हणाले होते ते बोमडीलाही गेलं, कारण तिथं उभी राहायची फौज पुढच्या घाटांत विखुरली आणि संपली होती.

शौर्य कमी पडलं असं कुणी म्हणू नये. रेझांग ला ही चुशूलच्या वाटेवरची खिंड, सुमारे सोळा हजार फुटांवरची. मेजर शैतान सिंग आणि तेराव्या कुमाऊँचे सुमारे १२० जवान. बहुतेक हरियाणाकडचे अहीर, म्हणजे तुमच्याआमच्यासारखीच सपाटीवरची शेतकऱ्यांची पोरं. मध्ये डोंगर असल्यामुळे आपल्या तोफांचा मारा त्यांच्या मदतीला येऊ शकत नव्हता. १८ नोव्हेंबरला ते लढले आणि ११४ जण तिथंच राहिले. पुढं फेब्रुवारीत एक मेंढपाळ तिकडं गेला तेव्हा त्याला ते दिसले. खंदकात, हातात बंदुका धरून गोठलेले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमचे धनगर आजोबा आठवले आणि त्यांचा तो प्रश्न आठवला.

२१ नोव्हेंबरला चीननं एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. आपले १,३८३ जवान मारले गेले होते, सुमारे १,७०० बेपत्ता होते आणि ३,९६८ कैदेत.

आणि त्याच २१ नोव्हेंबरला यशवंतराव चव्हाणांनी दिल्लीत संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, हे वाक्य आपण तेव्हापासून अभिमानानं म्हणत आलो. म्हणायलाच हवं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला त्या दिवसापासून यशवंतराव आपले मुख्यमंत्री होते. परभणीच्या दृष्टीनंही आपलाच माणूस दिल्लीला चालला होता. त्यांनी केलेलं काम मोठंच होतं. संरक्षणाची पंचवार्षिक योजना, सव्वाआठ लाखांचं सैन्य, दहा पहाडी डिव्हिजन. थापर यांच्या जागी सरसेनापती झाले ते जनरल जयंतनाथ चौधरी. त्यांना आपल्याकडच्या जुन्या माणसांनी लगेच ओळखलं, कारण सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादची शरणागती स्वीकारणारे आणि नंतर वर्षभर आपले लष्करी राज्यपाल असलेले चौधरी तेच. गुरुजी त्या दिवशी फार दिवसांनी हसले होते.

तरीही माझी एक तक्रार आहे, आणि ती माझ्यासकट आपल्या सगळ्यांविषयी आहे. सह्याद्री हाकेला धावला, हे आपण लक्षात ठेवलं. हाक येण्याच्या तीन वर्षं आधी त्याच सह्याद्रीतल्या एका माणसानं ओरडून सांगितलं होतं, ते मात्र विसरलो. मराठी घरांत थोरातांचं नाव किती जणांना ठाऊक आहे? मी महाविद्यालयात तीस वर्षं इतिहास शिकवला. वर्गात विचारायचो. चव्हाण सगळ्यांना माहीत. थोरात म्हटलं की पोरं एकमेकांकडे बघायची. मदतीला येणारा आपल्याला भावतो. संकट येण्याआधी सांगणारा नकोसा वाटतो, आणि संकट येऊन गेल्यावर तर त्याचं नाव घ्यायलाही आपण कचरतो, कारण त्याबरोबर आपलं न ऐकणंही आठवतं.

मेनन यांना एकट्याला दोषी धरून मोकळं व्हायचं असेल तर तेही सोपं आहे. पण हे विसरता येत नाही की १९५७ मध्ये आणि पुन्हा १९६२ च्या फेब्रुवारीत मेनन उत्तर मुंबईतून निवडून आले, दुसऱ्यांदा आचार्य कृपलानींसारख्या माणसाला हरवून. चीनचा प्रश्न त्या प्रचारात उघड चर्चेत होता. निर्णय आपल्याच मतपेटीतून गेला. देशी शस्त्रनिर्मितीसाठी मेनन झटले होते, हेही खरं. नेहरूंना शांतता हवी होती यात मला तिळमात्र शंका नाही. गरीब देशाचा पैसा धरणांना आणि शाळांना लागावा असं त्यांना वाटत होतं, आणि मराठवाड्यातल्या माणसानं तरी त्याबद्दल त्यांना बोल लावू नये. पण शांतता हवी असणाऱ्यानं सीमेवरच्या सेनापतीचा कागद आधी वाचायला हवा. हल्ला झाल्यावर नेहरूंनी थोरातांना बोलावलं. ते टिपण पाहून त्यांनी विचारलं की हे मला आधी का दाखवलं नाही, असं थोरातांनी आत्मचरित्रात नोंदवलं आहे. पुढे राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर थिमय्या आणि थोरात दोघांनाही घेतलं गेलं.

आता गुरुजींच्या फळ्याकडे येतो.

पराभवाची चौकशी झाली. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेम भगत यांनी ती केली. अहवाल गुप्त राहिला. २ सप्टेंबर १९६३ ला यशवंतरावांनी लोकसभेत त्याचं सार सांगितलं. ते वर्तमानपत्रात आलं. आमच्या गावात पेपर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी यायचा. गुरुजी तो घेऊन वर्गात आले. खांद्यावर उपरणं, हाताला खडूची भुकटी. त्यांनी आम्हाला भूगोलाची पुस्तकं मिटायला सांगितली आणि फळ्यावर चौकशीचे मुद्दे एकाखाली एक लिहिले.

१. प्रशिक्षण.
२. शस्त्रं आणि साहित्य.
३. हुकूम देण्याची पद्धत.
४. जवानांची शारीरिक क्षमता.
५. अधिकाऱ्यांचा आपल्या माणसांवरचा प्रभाव.

मग त्यांनी खाली ६ हा आकडा काढला, त्यापुढे टिंब दिलं, आणि खडू थांबवला. आमच्याकडे वळून म्हणाले, “पोरांनो, या पाचांत एक मुद्दा आलेला नाही. कुणाला सांगता येतो?”

वर्ग गप्प. एक पोरगा म्हणाला, “थंडी.” गुरुजींनी मान हलवली. दुसरा म्हणाला, “दगाबाजी.” तेही नाही म्हणाले. बाहेर पाऊस धरला होता. घंटा झाली. पोरं उठली. मी मागं राहिलो, कारण त्या आठवड्यात फळा पुसायची पाळी माझी होती. मी ओलं फडकं घेतलं आणि वरून पुसत खाली आलो. सहाव्या आकड्यापाशी पोहोचलो तेव्हा गुरुजी दारातून म्हणाले, “तेवढं राहू दे.”